परक्याचे द्रव्य आणि आपले उत्तरदायित्व
(सेवासंस्था लोकोपयोगी कार्यासाठी अनुदान कसे मिळवितात व कसे सांभाळतात, या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



देवळाच्या सभामंडपात सेवासंस्थांच्या अनुदानाचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु जो समाज पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या नावाने जमलेल्या पैशाचा हिशेब ठेवीत आला, त्याला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. गोमंतकातील देवस्थानांचा कारभार १९३३ सालच्या नियमावलीने बांधला गेला आहे. अध्यक्ष, सचिव, खजिनदार व मुखत्यार अशी समिती, वर्षाचे अंदाजपत्रक, त्यास वरिष्ठांची मंजुरी, महाजनांची सभा आणि इतिवृत्ताची वही, हे सारे इथल्या मंडळींच्या अंगवळणी पडलेले आहे. त्याही आधी गांवकरीने खाजनाचे बांध आणि मानशी राखल्या त्या सामायिक पैशातून व सामायिक जबाबदारीतून. तेव्हा दहा जणांचा पैसा एकाच्या हाती आला म्हणजे त्याने कसे वागावे, हा प्रश्न येथे नवा नाही. नवे आहे ते एवढेच की आज हा पैसा कधी कधी सातासमुद्रापलीकडून येतो, आणि देणारा घेणाऱ्याचे तोंडही पाहात नाही.

सेवासंस्था म्हटल्या की रोटरी आणि लायन्स ही दोन नावे प्रथम डोळ्यांसमोर येतात. रोटरीचा जन्म २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो येथे झाला. पॉल हॅरिस हे वकील तिचे संस्थापक. आरंभी ती व्यवसायबंधूंच्या स्नेहमेळाव्यासारखी होती. परंतु १९०७ साली या मंडळींनी शिकागो शहरात सार्वजनिक शौचालयांच्या उभारणीसाठी पुढाकार घेतला. सेवेचा श्रीगणेशा शौचालयापासून झाला, ही गोष्ट ध्यानी ठेवण्याजोगी आहे. भारतात रोटरी कलकत्त्यास १९१९ साली आली. लायन्सची स्थापना मेल्विन जोन्स यांनी १९१७ साली, तीही शिकागोतच, केली आणि १९५६ साली मुंबईस तिचा भारतातील पहिला क्लब निघाला.

क्लबांच्या कार्यास कायम निधी असावा ही कल्पना १९१७ साली अटलांटा येथील रोटरी अधिवेशनात तत्कालीन अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी मांडली. त्या निधीत पुढील वर्षी पहिली देणगी जमा झाली ती कॅन्सस सिटीच्या क्लबाकडून, आणि तिची रक्कम होती साडेसव्वीस डॉलर! १९२८ साली या निधीस ‘रोटरी फाउंडेशन’ हे नाव मिळाले. १९४७ साली पॉल हॅरिस निवर्तले, तेव्हा जगभरच्या सभासदांनी त्यांच्या स्मरणार्थ देणग्या पाठविल्या आणि निधीस खरे बाळसे आले. १९६५ पासून दोन देशांतील क्लबांनी मिळून पैसा उभा करावा व फाउंडेशनने त्यात आपली भर घालावी, ही पद्धत सुरू झाली. लायन्सनेही १९६८ साली आपले स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापिले.

या अनुदानांनी काय साधले, याचे एकच उदाहरण पुरे. १९७९ साली फिलिपाइन्समधील सुमारे ६० लक्ष बालकांना पोलिओची लस देण्यासाठी रोटरीने अनुदान मंजूर केले. त्यातून धैर्य येऊन १९८५ साली जगव्यापी पोलिओ मोहीम हाती घेण्यात आली. शासन, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि असंख्य कार्यकर्ते यांच्या दीर्घ परिश्रमानंतर भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. साडेसव्वीस डॉलरांचे बीज कोठवर वाढले ते यावरून दिसून येईल.

आता पैसा कोणत्या वाटेने येतो ते पाहू. सभासद फाउंडेशनच्या वार्षिक निधीस जे देतात ते तीन वर्षे गुंतवून ठेवले जाते. त्या मुदतीत मिळणाऱ्या उत्पन्नातून कारभाराचा खर्च भागविण्याची योजना आहे. तीन वर्षांनंतर त्या रकमेचे, स्थूलमानाने बोलायचे तर, दोन भाग होतात. एक भाग जागतिक निधीत जातो, दुसरा ज्या प्रांतातून देणगी आली त्या प्रांताच्या नावे राहतो. प्रांत म्हणजे अनेक क्लबांचा समूह. गोवा, बेळगाव व कोल्हापूर या भागांतील क्लब एकाच प्रांतात नांदत आले आहेत. याचा अर्थ असा की, आज जे अनुदान हाती पडते ते तीन वर्षांपूर्वी कोणीतरी दिलेल्या देणगीचे फळ असते.

१ जुलै २०१३ पासून रोटरीची अनुदाने मुख्यत्वे दोन प्रकारची झाली. पहिले प्रांतिक अनुदान. प्रांताने आपल्या वाट्याच्या निम्म्यापर्यंत रक्कम वर्षातून एकदा एकत्रित मागून घ्यावयाची आणि क्लबांच्या लहान कामांसाठी ती वाटावयाची. दुसरे जागतिक अनुदान. त्यासाठी कामाचा एकूण खर्च किमान ३०,००० डॉलर असावा लागतो, ज्या देशात काम व्हावयाचे तेथील एक क्लब वा प्रांत आणि दुसऱ्या देशातील एक, असे दोन भागीदार असावे लागतात, आणि काम ठरवून दिलेल्या सात क्षेत्रांपैकी एकात बसावे लागते. शांतता, रोगप्रतिबंध व उपचार, पाणी व स्वच्छता, माता व बालकांचे आरोग्य, मूलभूत शिक्षण व साक्षरता, समाजाचा आर्थिक विकास आणि २०२१ पासून त्यात आलेले पर्यावरण, ही ती सात क्षेत्रे.

हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, प्रांतांच्या निधीतून १०,००० डॉलर मिळाले. त्यावर जागतिक निधीतून आज ऐंशी टक्के, म्हणजे ८,००० डॉलरांची भर पडते. उरलेले १२,००० दोन्हीकडच्या क्लबांनी सभासदांकडून रोख जमवावयाचे. या रोख रकमेवर जागतिक निधीतून भर पडत नाही. उलट ती फाउंडेशनमार्फत पाठविल्यास हाताळणीपोटी पाच टक्के, म्हणजे ६०० डॉलर, वेगळे द्यावे लागतात. तेव्हा अनुदान म्हणजे फुकटचा पैसा, ही समजूत मुळातच चुकीची आहे. मागणाऱ्याने आधी स्वतःच्या खिशात हात घातला पाहिजे.

परंतु पैशाचे गणित हा या विषयाचा सोपा भाग होय. कठीण भाग आहे तो माणसांचा. तो समजण्यासाठी एका गावाची कल्पना करावी. गाव कोणतेही असो. असे गाव पुष्कळांनी पाहिलेले असेल.

त्या गावच्या शाळेस काहीतरी भेट द्यावी असे जवळच्या शहरातील एका क्लबाच्या मनात येते. अध्यक्ष उत्साही आहेत. ‘पाणी शुद्ध करण्याचे यंत्र देऊ, त्यावर क्लबाचे नाव कोरू, शाळा उघडण्याच्या दिवशी समारंभ करू,’ असे ते सुचवितात आणि सभा माना डोलावते. तेवढ्यात एक वृद्ध सभासद विचारतो, ‘शाळेत जाऊन कोणी विचारले आहे काय?’ कोणीच विचारलेले नसते.

म्हणून तिघेजण शाळेत जातात. मुख्याध्यापिका बाई आदराने बसवितात, चहा मागवितात, आणि यंत्र मिळणार म्हणून आभारही मानतात. येणाऱ्या दानास नाही म्हणण्याची कोणाची प्राज्ञा? पण कपबश्या उचलावयास आलेली शाळेची सेविका दारातच थबकते आणि म्हणते, ‘साहेब, रागावू नका. शुद्ध पाणी मागाहून बघूया, आधी पाणी येऊ दे.’

मग सारे उलगडते. नळाला पाणी सकाळी घटकाभर येते, छपरावरची टाकी फुटलेली, त्यामुळे दुपारपर्यंत शौचालय कोरडे पडते व त्यास कुलूप लागते. मोठ्या वर्गांतील मुली ते जाणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यातही नाही. काहींचे डोके दुखते, काही महिन्यातले चार दिवस शाळेतच येत नाहीत. हे बाईंना ठाऊक होते. पण परक्या पुरुषांसमोर ते बोलणार कसे? दुसऱ्या खेपेस क्लबाच्या दोन भगिनी जातात, मुलींच्या मातांशी बोलतात, आणि यंत्राची कल्पना आपोआप मागे पडते. पाणी साठविण्याची टाकी, चढविण्याचा पंप, नवी नळजोडणी आणि शौचालयाची दुरुस्ती, हे खरे काम ठरते.

यालाच अनुदानाच्या परिभाषेत ‘समाजाच्या गरजेची पाहणी’ म्हणतात. जागतिक अनुदानाच्या अर्जास अशा पाहणीचे निष्कर्ष जोडणे सक्तीचे आहे. पुष्कळांना तो कागदी उपचार वाटतो. वास्तविक दात्याच्या हौसेपासून गरजवंताचा बचाव व्हावा, हाच त्यामागील हेतू आहे.

काम ठरल्यावर अर्ज. अर्जात सुंदर शब्द लागत नाहीत. नेमके उत्तर लागते. कोणास लाभ होणार, किती जणांस, काम केव्हा सुरू होऊन केव्हा संपणार, कोण देखरेख करणार, यश कशावरून मोजणार, आणि अनुदान संपल्यावर हे काम कोणाच्या बळावर चालू राहणार? शेवटचा प्रश्न सर्वांत जड. पंपाचे वीजबिल कोण भरणार, टाकी महिन्या-दोन महिन्यांनी कोण धुणार, पंप जळाला तर कोणाच्या दाराशी जावयाचे, याचे उत्तर ज्या अर्जात नाही तो अर्ज अपुरा समजावा. आपल्या कल्पनेतील शाळेत पालक-शिक्षक संघ ही जबाबदारी लेखी पत्राने स्वीकारतो. ते एक पानी पत्र पंपाहूनही मोलाचे असते. ठिकठिकाणी धूळ खात पडलेली यंत्रे दिसतात, ती बिघडली म्हणून नव्हे, तर त्यांचे पालकत्व कोणी घेतले नव्हते म्हणून.

अर्ज जातो आणि वाट पाहण्याचे दिवस येतात. मे महिना उलटत चाललेला असतो. अध्यक्षांचा जीव वर-खाली होतो. ‘मंजुरी येणारच आहे, गवंडी तयार आहे, काम सुरू करूया, पैसे आल्यावर बिले लावू,’ असे ते म्हणतात. त्यांच्या मनात पाप नसते; शाळा उघडण्यापूर्वी मुलींची सोय व्हावी एवढेच त्यांना हवे असते. परंतु खजिनदार नकार देतात. मंजुरीपूर्वी सुरू झालेल्या वा पुऱ्या झालेल्या कामाचा खर्च अनुदानातून भागविता येत नाही, हा नियम आहे. ‘अध्यक्षमहाशय, आज आपण तारीख मागे-पुढे केली तर उद्या रक्कम मागे-पुढे करावयास कोणाला संकोच वाटणार नाही,’ हे त्यांचे उत्तर. दोघांत काही दिवस अबोला राहतो. काम जूनमध्ये न होता पावसाळ्यानंतर होते. तोवर मुली तशाच तहानलेल्या राहतात, हे खजिनदारांसही सलते. नियम पाळण्याची किंमत कधी कधी दुसऱ्यालाच मोजावी लागते. म्हणूनच शहाणे क्लब अर्ज वर्षाच्या आरंभीच तयार ठेवतात आणि अशा निकडीसाठी स्वतःचा थोडा पैसा वेगळा राखतात. त्या पैशातून निदान पिंप भरून ठेवता येते, एखादा टँकर मागविता येतो.

मंजुरी मिळाल्यानंतरचा कारभार हा निवृत्त कारकुनांना आवडावा असा आहे. क्लबाने आधी पात्र ठरावे लागते. त्यासाठी सभासदाने प्रांताच्या अनुदान-व्यवस्थापन शिबिरास हजर राहावयाचे आणि क्लबाने प्रांताशी लेखी करार करावयाचा असतो. जागतिक अनुदानाची देखरेख किमान तिघांच्या समितीकडे असावी लागते. अनुदानाचा पैसा वेगळ्या खात्यात राहावा, त्यावर दोन सभासदांच्या सह्या असाव्यात, देयके शक्यतो धनादेशाने वा बँकेमार्फत व्हावीत. मोठ्या खरेदीसाठी तीन ठिकाणची दरपत्रके मागवावीत व निवडीचे कारण इतिवृत्तात नोंदवावे. कच्च्या चिठ्ठीवर पैसा देऊ नये. पावती, बिल, छायाचित्र, पत्रव्यवहार, सारे एका फाइलीत किमान पाच वर्षे जपावे. पदाधिकारी दरवर्षी बदलतात, फाइल मात्र बदलता कामा नये.

आपल्या कथेतील नळांचे सर्वांत कमी दरपत्रक एका सभासदाच्या भावाच्या दुकानाचे निघते. आता काय करावे? नियम असे सांगत नाही की त्याच्याकडून घेऊच नये. नियम एवढेच सांगतो की नाते उघड करावे, ते लेखी नोंदवावे, आणि निर्णय होताना त्या सभासदाने बाजूस राहावे. तो सभासद स्वतः उठून बाहेर जाऊन बसतो. पाच मिनिटांत निर्णय होतो आणि संशयास जागा उरत नाही. तेच नाते लपविले असते आणि वर्षाने चव्हाट्यावर आले असते, तर रास्त भावाचा व्यवहारही चोरी ठरला असता.

काम पुरे झाल्यावर अहवाल. जागतिक अनुदानात पहिला पैसा मिळाल्यापासून बारा महिन्यांच्या आत पहिला अहवाल, पुढे दर बारा महिन्यांनी एक, आणि काम संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत अंतिम अहवाल द्यावा लागतो. उरलेली रक्कम परत करावयाची, दुसऱ्या कामी परस्पर वळवावयाची नाही. ज्या क्लबाचे अहवाल थकतात त्याला पुढील अनुदानाचे दार बंद होते. बंद झाले तर नुकसान क्लबाचे थोडे, पुढच्या गावाचे अधिक.

भारतात याखेरीज कायद्याचीही काळजी घ्यावी लागते. परदेशातून येणाऱ्या देणग्यांसाठी २०१० सालचा परकीय अंशदान नियमन कायदा लागू आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावा लागतो, आणि तो घेणाऱ्याने दुसऱ्या संस्थेस हस्तांतरित करता येत नाही. दुसरी वाट देशातीलच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाखाली ठराविक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावयाचे आहेत; ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अमलात आली. ते कार्य करणाऱ्या संस्थांना १ एप्रिल २०२१ पासून केंद्र शासनाकडे नोंदणी करणे आवश्यक झाले आहे. तेव्हा नोंदणी, लेखापरीक्षण व आयकराची कागदपत्रे आधी ठाकठीक करावीत आणि मगच कोणाच्या दाराशी जावे.

महाजनांनी यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट, धार्मिक विधींस अशी अनुदाने मिळत नाहीत, जमीन वा इमारत विकत घेण्यासही नाहीत. त्यात देवाचा अनादर नाही. देवाचे कार्य भक्तांनी आपल्या पैशाने करावे, हेच शोभादायक. दुसरी गोष्ट, एखादा क्लब गावात दान घेऊन येईल तेव्हा गावाने नुसते हात जोडू नयेत. ‘हे कोणी मागितले होते? पुढे कोण चालविणार?’ हे दोन प्रश्न नम्रपणे विचारावेत. ते विचारणे कृतघ्नपणाचे नव्हे; उलट त्याने दान सत्पात्री पडते. तिसरी गोष्ट, ज्यांना अंदाजपत्रक, इतिवृत्त व ताळेबंद यांची सवय आहे अशी निवृत्त मंडळी प्रत्येक महाजन संस्थेत आहेत. सेवासंस्थांकडे उत्साह पुष्कळ असतो, वही लिहिणारा हात क्वचित असतो. तो हात देणे हेही दानच आहे.

आणि शेवटी त्या कल्पनेतील शाळेकडे पुन्हा एकवार वळावे. समारंभ होत नाही. होतो तो लहानसा. फलकावर नाव आहे, पण ते टाकीच्या मागच्या बाजूस, जेथे ऊन लागत नाही. वर्षानंतर अहवालासाठी खजिनदार शाळेत जातात. वही उघडून ते टाकी धुतल्याच्या तारखा पाहतात, वीजबिलाच्या पावत्या मोजतात. सेविका पाण्याचा तांब्या आणून ठेवते. मधल्या सुटीची घंटा होते आणि मुली घोळक्याने नळाशी जाऊन ओंजळीने पाणी पितात, एकमेकींच्या अंगावर उडवितात, आणि पुन्हा पितात.

अहवालाच्या नमुन्यात यासाठी रकाना नसतो. परंतु साऱ्या रकान्यांचा खटाटोप ज्यासाठी करावयाचा, ते हेच होय.

सर्वांचे कल्याण होवो, आणि सार्वजनिक पैशास हात लावणाऱ्या प्रत्येकाचा हात स्वच्छ राहो, एवढी प्रार्थना देवाच्या चरणी करून हे विवेचन येथे पुरे करणे उचित होईल.